तारा काढण्यात येईल

मी छापखान्यात मुद्रितशोधक होतो, म्हणजे पोटासाठी लोकांच्या चुका काढत होतो. निवृत्त झाल्यावर चुका काढायला घरात एकच माणूस उरलं, आणि ते माझ्या चुका काढण्यात माझ्यापेक्षा तरबेज निघालं. म्हणून मी फोटो काढायला लागलो.

जावयाने नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना मला दिला. सोबत तीन पायांचा स्टँड आणि एक माहितीपुस्तिका. पुस्तिका मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, तिच्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पेन्सिलीने दुरुस्त केल्या, आणि मिटून ठेवल्यावर लक्षात आलं की कॅमेऱ्याबद्दल आपल्याला काहीही कळलेलं नाही.

मला खरं तर एकच फोटो हवा होता. पहाटेच्या शुक्राचा.

आमची ही तारघरात नोकरीला होती. पहाटेची पाळी असायची. निघण्याआधी ती गच्चीवर जाऊन कपडे वाळत घालायची आणि खाली येऊन मला उठवताना सांगायची, "चांदणी आली हो." जसं काही दूधवाला आला. मी "हं" म्हणायचो. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मात्र तिने गच्ची पाहिलेली नाही. आमच्या इमारतीची लिफ्ट चौथ्या मजल्यावर संपते, आणि तिथून गच्चीवर एक उभाच्या उभा लोखंडी जिना जातो. डॉक्टर म्हणाले, चढा, खुशाल चढा. ही म्हणाली, "त्यांना म्हणायला काय जातंय? गुडघा माझा आहे." विषय संपला.

पण मध्यंतरी एकदा पहाटे ती खिडकीत उभी होती. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, दुसरं काही नाही. त्या भिंतीकडे बघत म्हणाली, "चांदणी असेल आत्ता वर." एवढंच बोलली आणि दूध उतरवायला गेली.

मला ते लागलं. ठरवलं, हिला वर जाता येत नसेल तर चांदणी खाली आणायची. हिला आधी सांगायचं नाही. एक तर फोटो येईल याचा भरवसा नव्हता. शिवाय या वयात नवरा बायकोसाठी चांदणी आणायला निघालाय, हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडणंच शक्य नव्हतं.

पहिला फोटो फार गूढ आला. नुसता काळोख, अथांग. मी बराच वेळ त्याच्याकडे कौतुकाने पाहत राहिलो. मग समजलं की भिंगावरचं झाकण काढलं नव्हतं. दुसऱ्या वेळी झाकण काढलं, पण गच्चीवर सोसायटीचा एक दांडगा दिवा आहे, तो थेट कॅमेऱ्यात घुसला. तो फोटो हिच्या हाती लागला. तिने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला आणि विचारलं, "हा बटाटा कुणाचा?"

मग आठवडाभर ढग. तोवर पेपरात आलं की शुक्र रोज थोडाथोडा सूर्याकडे सरकतोय, एकदोन दिवसांत उजेडात बुडेल आणि मग कितीतरी महिने दिसणार नाही. त्या संध्याकाळी आभाळ उघडलं. म्हणजे दुसऱ्या दिवशीची पहाट ही शेवटची संधी, आणि त्याआधी तो दिवा बंद व्हायला हवा होता. दिव्याचं बटण एका पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली सेक्रेटरींकडे. आता सेक्रेटरींच्या दारावरची बेल वाजवून समोरासमोर काही मागण्यापेक्षा शुक्रावर जाऊन येणं मला सोपं वाटतं. म्हणून मी सूचना लिहायला बसलो.

पहिला मसुदा पानभर झाला. "सर्व रहिवाशांस नम्र विनंती की, उद्या पहाटे मी आपल्या गच्चीवरून शुक्र या ग्रहाचा, ज्यास बोलीभाषेत शुक्राची चांदणी म्हणतात, फोटो काढण्याचा प्रयत्न करणार असून..." इतके शब्द आमच्या घरात चालत नाहीत. तारघरात शब्दागणिक आकार पडायचा, त्यामुळे ही अजूनही "जेवायला" एवढंच म्हणते, "या" मी समजून घ्यायचं असतं. मी शब्द खोडायला लागलो.

"मी" आधी गेला. माझं कुणाला काय पडलंय? मग "फोटो" गेला. जी वस्तू येईल की नाही हे माहीत नाही, ती येणार म्हणून छातीठोक कशी लिहायची? "शुक्र" लिहावं तर लोक शुक्रवार समजतील आणि दुसऱ्या दिवशी होता मंगळवार. "ग्रह" लिहावं तर निम्मी इमारत तळहात पुढे करून दारात उभी राहील. "चांदणी" लिहायला हात धजेना. राहिला "तारा". शुक्र हा तारा नव्हे हे मला ठाऊक आहे आणि ते मला खुपत होतं, पण म्हटलं, एवढं चालवून घेऊ. शेवटी कागदावर उरलं ते असं:

"उद्या पहाटे गच्चीवरून तारा काढण्यात येईल. दिवा बंद ठेवावा. सहकार्य करावे."

वेलांट्या, उकार, पूर्णविराम, सगळं पुन्हा तपासलं. निर्दोष. कुणी नसताना लिफ्टशेजारच्या फळ्यावर टाचण्यांनी लावलं आणि कुणी पाहू नये म्हणून जिन्याने पळत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे, ही झोपेत असताना, मी चपला हातात घेऊन निघालो. गच्चीचं दार ढकललं. दिवा बंद! माझा विश्वास बसेना. मी लिहिलेलं एक वाक्य लोकांनी वाचलं होतं, आणि वर मानलंही होतं. ऊर भरून आला. पूर्वेला समोरच्या इमारतीच्या वर शुक्र असा चमकत होता की मी त्याला वाकून नमस्कारच करणार होतो. आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिला. मग अंधारात चाचपडत स्टँडचे पाय उघडायला लागलो. दोन उघडले. तिसरा अडकला. मी खटपट करत होतो तेवढ्यात कपडे वाळत घालायच्या तारांखाली काहीतरी हललं. पाहतो तो स्टुलावर एक सिंह बसलेला.

"कोण आहे तिकडे?" सिंहाने विचारलं.

"मी आहे," मी म्हणालो. सिंहाला आणखी काय सांगणार?

"कोण, काका? म्हणजे तुम्ही होय!"

आवाज ओळखीचा होता. चौथ्या मजल्यावरच्या काकू. मी त्यांना काकू म्हणतो आणि त्या मला काका म्हणतात. नात्याचा हिशेब लावला तर आम्ही नवरा-बायको ठरतो, त्यामुळे मी त्यांच्याशी शक्यतो बोलत नाही. त्या नाटकांना पोशाख भाड्याने देतात आणि धुतलेले पोशाख गच्चीवर वाळत घालतात. थंडी होती म्हणून त्यांनी सिंह अंगात घातला होता. मुंडकं मांडीवर होतं. वर तारेवर एक भलामोठा ऑक्टोपस आठही हात लोंबकळवून वाळत पडला होता.

"तारा काढायला तुम्ही आलात?" काकूंनी विचारलं.

"हो. म्हणजे, प्रयत्न करणार आहे."

"करून तर बघा!" काकू उठून उभ्या राहिल्या. शेपूट स्टुलात अडकलं होतं, ते हिसका देऊन सोडवलं. "आधी मला बाजूला करावं लागेल."

मला काही कळेना. शुक्राला एवढा विरोध कशासाठी? मी चाचरत म्हणालो, "पण काकू, ते तर सगळ्यांचंच आहे ना?"

"सगळ्यांचं? स्वतः बाजारातून आणून, स्वतः खिळे ठोकून बांधल्यात मी!"

"मी एकच काढणार आहे," मी विनवलं.

"एकसुद्धा नाही!"

तेवढ्यात पाण्याच्या टाकीमागून टॉर्चचा झोत आला, आणि त्याच्यामागून केबलवाला. "सापडला का, काकू?" मग माझ्या तोंडावर झोत मारून म्हणाला, "आजोबा? तुम्ही? अहो, नेट अडकत असेल तर फोन करायचा ना! डायरेक्ट तारा काढायच्या?"

"माझं नेट चांगलं आहे," मी म्हणालो. खरं म्हणजे ते चांगलं नव्हतं, पण ती वेळ तक्रारीची नव्हती.

"मग ते काय आहे? कटर?" त्याने स्टँडवर झोत टाकला. दोन पायांवर झुकलेला, एक पाय अडकलेला तो स्टँड मलाही त्या क्षणी घातक वाटला.

दार पुन्हा वाजलं आणि पायजम्यात सेक्रेटरी आले. त्यांच्या एका हातात दिव्याच्या पेटीची किल्ली होती आणि दुसऱ्या हातात माझी सूचना. "सूचनेत लिहिलं होतं म्हणून दिवा बंद केला," ते म्हणाले. "आता सूचना कुणाची, ते विचारायला आलोय. 'काढण्यात येतील.' कोण काढणार, कुणाच्या परवानगीने, याचा पत्ता नाही."

"काय येतील?" मी विचारलं.

त्यांनी कागद टॉर्चसमोर धरला. माझं सुबक अक्षर, आणि त्यात "येईल"मधल्या "ई"वर तपकिरी रंगाने गिरवलेलं एक जाडजूड "ती". येतील.

मी सहसा आवाज चढवत नाही. आमच्या छापखान्यात यंत्रं इतकी खडखडायची की आवाज चढवूनही उपयोग नसायचा. पण तेव्हा चढला. "हे कुणी केलं?"

"मी केलं," काकू म्हणाल्या. "चूक होती, दुरुस्त केली. पेन नव्हतं, भुवयांच्या पेन्सिलीने केलं. आभार मानायचे सोडून ओरडताय काय?"

"चूक नव्हती ती! एकवचन आहे! तारा काढण्यात येईल!"

"म्हणजे एकच तार काढणार होतात? कुठली?"

"तार नाही हो, तारा!"

"तेच म्हणतेय मी, तारा!"

"आजोबाच तारेत दिसतायत," केबलवाला सेक्रेटरींच्या कानात पुटपुटला, पण मला ऐकू गेलं.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एक तार, अनेक तारा. एक तारा, अनेक तारे. मी आकाशातला एक म्हणत होतो आणि इमारतीने गच्चीवरच्या सगळ्या वाचल्या होत्या. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वाक्यांतले असले खड्डे बुजवले, आणि स्वतःच्या एवढ्याशा वाक्यात विहीर खणून ठेवली.

"आकाशातला तारा," मी हात वर करून म्हणालो. "शुक्र. त्याचा फोटो काढायचा होता. बस."

सगळ्यांनी वर पाहिलं. मीही पाहिलं. आमच्या भांडणात पूर्वेकडचं आभाळ केव्हाच फिकट झालं होतं, आणि टॉर्चने माझे डोळे इतके दिपले होते की मला सगळीकडे टॉर्चच दिसत होता. शुक्र कुठेच नव्हता.

"आभाळ रिकामं आहे, साहेब," सेक्रेटरी थंडपणे म्हणाले.

"तारा आजच कशाला हवा होता पण?" काकू म्हणाल्या. "उद्या काढला असता."

मी कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी चाळा करत उभा राहिलो. गुन्हेगार कसा दिसतो हे कुणाला दाखवायचं असतं तर माझाच फोटो काढायला हवा होता.

तेवढ्यात जिन्यावर आवाज झाला. टण्ण. मग शांतता. पुन्हा टण्ण. पुन्हा शांतता, आणि एक सुस्कारा. आम्ही चौघे दाराकडे बघत राहिलो. आधी कठड्यावर एक हात दिसला, मग पांढरे केस, मग आमची ही. अख्खी.

"यांच्यावर कोण ओरडतंय?" तिने विचारलं.

"वहिनी, तुम्ही चढलात?" काकू म्हणाल्या.

"चढले. यांच्यावर ओरडायचं काम माझं आहे. लग्न झाल्यापासून एकटीने करतेय, मला मदत नकोय." मग तिचं लक्ष काकूंच्या पोशाखाकडे गेलं, पण तिने लगेच मोर्चा माझ्याकडे वळवला. "अहो, अंधारात काय काढायला आलात?"

"चांदणी," मी म्हणालो.

"काय?"

"तू म्हणालीस ना, आत्ता वर असेल. तुला वर येता येत नाही, म्हणून म्हटलं... खाली... फोटो."

जे वाक्य मला उच्चारता येणार नव्हतं, ते असं तुकड्यातुकड्यांनी, सेक्रेटरी, केबलवाला आणि सिंह यांच्यासमक्ष बाहेर पडलं. केबलवाल्याने टॉर्च बंद केला. सेक्रेटरी स्वतःच्या चपलांकडे बघायला लागले. काकूंनी सिंहाच्या पंजाने नाक पुसलं.

ही माझ्याकडे बघत राहिली. भलत्याच पत्त्यावरची तार हातात पडल्यावर माणूस बघतं तसं. मग म्हणाली, "मग काढली का?"

"दिसत नाही. उजाडलं."

"दिसत नाही म्हणजे? सरका."

ती चालत काकूंच्या स्टुलापर्यंत गेली आणि त्यावर बसली. बसताना गुडघ्याला हाताने "गप" असं केलं. "तिसरी तार ही ना हो, काकू? तो हात जरा बाजूला घ्या."

काकूंनी ऑक्टोपसचा एक हात बाजूला धरला. मग दुसराही. मग आठही गोळा करून छातीशी कवटाळले.

"कपडे वाळत घालून दमले की मी इथेच टेकायचे," ही म्हणाली. "आधी चांगली उंच असते ती, मग रोज थोडीथोडी खाली येते. बुडायच्या आधी शेवटी शेवटी या तारेच्या टोकाशी सापडते. त्या खिळ्याच्या जरा वर, उजवीकडे. तारेवरून नजर नेत जायची." तिने बोटाने हवेत तारेची रेघ ओढली. "ही काय. आहे की!"

आम्ही सगळे तिच्या डोक्यामागे वाकलो. मला आधी नुसता खिळा दिसला. मग तार, तारेवरचा चिमटा, फिकट आभाळ. आणि मग चिमट्याच्या वर, मिठाचा एक कण.

"दिसली! आईशप्पथ दिसली!" केबलवाला ओरडला.

"कुठे, कुठे? मला का नाही... अगं बाई! किती एवढीशी!" काकू म्हणाल्या.

सेक्रेटरींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

स्टँडचा तिसरा पाय काही उघडेना. मी कॅमेरा हिच्या खांद्यावर टेकवला. "हलू नकोस."

"मी हलत नाही, तुम्ही हलताय. झाकण काढलंत का?"

झाकण काढलं नव्हतं. काढलं. "कुणीही हलू नका," मी म्हणालो, आणि नवल म्हणजे कुणीही हललं नाही. सेक्रेटरीसुद्धा श्वास रोखून उभे राहिले, जसा काही त्यांच्या श्वासाने शुक्र विझणार होता. मी बटण दाबलं. कॅमेऱ्याने "कट्" केलं. एवढ्या खटाटोपानंतर आवाज फारच छोटा वाटला. पुन्हा दाबावं म्हणून वर पाहिलं तर तिथे नुसता खिळा होता.

मग उतरायचा प्रश्न निघाला. वर येताना हिचा गुडघा काही बोलला नव्हता, आता त्याने तोंड उघडलं. "जरा बसते," ही म्हणाली, आणि ऊन अंगावर येईपर्यंत बसली. काकू खाली जाऊन सगळ्यांसाठी चहा घेऊन आल्या, सिंह न उतरवता. जिन्यात दूधवाला भेटला, त्याने दोन पिशव्या जास्त दिल्या आणि निघून गेला म्हणे. केबलवाल्याने चहा पिता पिता विचारलं, "आजोबा, खरं सांगा, नेट अडकतं ना?" मी मान डोलावली. सेक्रेटरींनी बजावलं की यापुढे कुठलीही सूचना त्यांना दाखवल्याशिवाय लावायची नाही, आणि मग हळूच विचारलं, "तो फोटो बघायला मिळेल का?"

फोटो आला. आता तो आमच्या फ्रिजवर आहे. मध्यभागी तार आहे, तारेवर हिरवा चिमटा आहे, डाव्या कोपऱ्यात सिंहाच्या पंजात ऑक्टोपसचे पाच हात आहेत, खाली हिचे थोडे केस आले आहेत, आणि चिमट्याच्या वर एक ठिपका आहे. जावई म्हणाला, भिंगावर धूळ असेल. त्याला त्या दिवशी चहा मिळाला नाही.

येणाऱ्याजाणाऱ्याला ही कौतुकाने दाखवते, "ही चांदणी. यांनी काढली." पाहुणे "वा, वा" म्हणतात आणि ऑक्टोपसकडे बघत राहतात. ती चांदणी नव्हे, ताराही नव्हे, ग्रह आहे, असं दर वेळी माझ्या अगदी ओठांवर येतं. अजून तरी मी गिळलेलं आहे.

आणि ही आता अधूनमधून गच्चीवर जाते. एखादा रुमाल वाळत घालायचा असतो, एवढ्यासाठी. खाली येऊन सांगते, "आज नाही आली." शुक्र बुडालाय, महिनोन्‌महिने येणार नाही, हे मी तिला सांगितलं होतं. "बघायला काय जातंय?" म्हणाली.

झाल्या प्रकाराबद्दल इमारतीची माफी मागायला हवी होती. समोरासमोर जमलं नसतं, म्हणून पुन्हा सूचनाच लिहिली, सेक्रेटरींना दाखवून. या वेळी शब्दांची काटकसर केली नाही, आणि खाली नावसुद्धा घातलं. शेवटची ओळ होती: "गैरसमजाबद्दल मी दिलगीर आहे."

संध्याकाळी लिफ्टपाशी गेलो तर शेवटच्या ओळीवर तपकिरी रंग फिरला होता. "मी"वर काट मारून "आम्ही" केलेलं, आणि "आहे"च्या जागी "आहोत".

वाक्य पुन्हा एकदा वाचलं. दुरुस्ती बरोबर होती. राहू दिली.